बाबांना किल्ला दाखवायला

खोटं बोलायची कल्पना लुबोशची. हे मी आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात माझा वाटा त्याच्याहून मोठा आहे, तेव्हा निदान सुरुवात तरी माझ्या भावाच्या माथी असू दे.

"ताई, त्यांना सांगून काय मिळणार आहे?" तो फोनवर म्हणाला होता. "सांगितलं की ते नाही म्हणणार. ते नाही म्हणाले की तू रडणार. त्यापेक्षा सहलीला म्हणून नेऊ. क्रुमलोव्हचा किल्ला बघू, अस्वलं बघू, काहीतरी खाऊ आणि तीन वाजता तिकडं जाऊ. पाहुण्यासारखे आत जातील, कॉफी पितील आणि राहतील."

"आणि राहतील?"

"तिथल्या बायकांना सवय असते गं."

तिकडं म्हणजे क्रुमलोव्हच्या वृद्धाश्रमात. आमचे बाबा, ओटाकर तूमा, वय शहाऐंशी, क्लेत डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आमच्या गावी एकटे राहत होते. आईला जाऊन दोन वर्षं झाली. त्या हिवाळ्यात बाबांनी दोनदा गॅसवर पातेलं विसरून करपवलं. एकदा तर स्वयंपाकघरातला पडदा पेटला. मला अधूनमधून आईच्या नावानं हाक मारायचे. बाकी डोकं ताळ्यावर होतं आणि हे मला चांगलं माहीत होतं. पण लुबोश आणि मी फोनवर बोलायला लागलो की त्यांचं विसरणं दर वेळी थोडं वाढायचं. आम्हाला ते सोयीचं होतं.

सोय माझीच जास्त. मी पंधरा दिवस घरी असते आणि पंधरा दिवस लिंत्सला. आमच्याकडच्या कितीतरी बायका हेच करतात. चेकची सीमा ओलांडून ऑस्ट्रियात जायचं आणि कोणाची तरी म्हातारी आई सांभाळायची. माझ्या वाट्याला हर्मीने आजी आल्यात, ब्याण्णव वर्षांच्या. त्यांना मी न्हाऊ घालते, भरवते, पाय चेपते. लोकाची आई सांभाळायला मला वेळ आहे आणि स्वतःच्या बापासाठी मी वृद्धाश्रमात जागा मिळवली. हे मला कोणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याचे वाभाडे काढले असते. कोणी म्हटलं नाही. आमच्या गावात असलं सगळं पाठीमागं बोलतात.

बाबांना समोर बसवून सांगायची आमची छाती होत नव्हती, त्याला कारण होतं. त्यांचा डोंगरातल्या कामाचा जोडीदार वेंडेलिन त्याच आश्रमात वर्षभर होता आणि तिथंच गेला. दोघांनी मिळून चाळीस वर्षं डोंगरातल्या पायवाटांच्या खुणा रंगवल्या. झाडावर पांढरा पट्टा, त्याखाली हिरवा नाहीतर तांबडा, त्याखाली परत पांढरा. पगार ना पाणी, नुसती हौस. वेंडेलिन आश्रमात गेल्यावर बाबा दर महिन्याला बस पकडून त्याला भेटून यायचे. घरी आल्यावर बराच वेळ हात धूत राहायचे आणि जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत. शेवटच्या खेपेनंतर मात्र म्हणाले होते, "पोरांनी त्याला तपासणीला नेतो म्हणून तिथं नेलं होतं. वर्षभर तो प्रत्येकाला विचारत होता, माझी तपासणी संपली का?"

हे माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि तरीही मी सहलीला हो म्हटलं.

आश्रमानं यादी पाठवली होती. सहा शर्ट, सहा बनियन, दहा जोड मोजे, प्रत्येकावर नाव आणि खोलीचा नंबर शिवलेला पाहिजे, नाहीतर धुलाईत कपडे इकडचे तिकडं होतात. बाबांचे कपडे धुवायला म्हणून मी माझ्याकडं आणले आणि दोन दुपारी बसून पट्ट्या शिवल्या. तूमा २१४. तूमा २१४. शिवण मात्र बारीक घातली, कुणी नाव ठेवू नये अशी.

शनिवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा बाबा दाढी करून, टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते. फक्त मोजे बाकी होते. सकाळी त्यांची कंबर धरलेली असते, म्हणून पिशवीतून एक जोड काढून मीच घातले. लुबोश गाडी वळवत होता. बाबांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दोघं एकदम? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, बाबा. सहल आहे, सहल!" लुबोश जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला.

"ओरडू नकोस. बहिरा नाही झालो अजून."

गाडीच्या डिकीत आईची तपकिरी बॅग होती, वर घोंगडी टाकलेली. बाबांची काठी ठेवायला लुबोशनं डिकी उघडली आणि लगेच मिटली. काठी मग पुढं बाबांच्या पायांशीच राहिली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

क्रुमलोव्हमध्ये शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. नदीत रबरी नावा, नावांत बिअर प्यायलेली माणसं, पुलावर फोटो काढणारी माणसं, आणि नावेतले पुलावरच्यांना ओरडून राम राम करणार. बाबांनी एकालाही उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही. टोपी काढायचे, हलवायचे, परत घालायचे. ते खुश होते. मला ते बघवत नव्हतं. किल्ल्याच्या पहिल्या अंगणात आल्यावर भिंतीजवळ जाऊन त्यांनी दगडावर हात ठेवला. आमच्या किल्ल्याच्या भिंतीवर दगड नाहीतच, गिलाव्यावर दगड रंगवलेत, सावलीसकट.

"हात कसा बसला असेल बघ," ते मला म्हणाले. "चारशे वर्षं झाली, पण रेघ हललेली नाही. खोटं काम आहे, पण मन लावून केलंय."



किल्ल्याच्या आत साडेदहाची फेरी मिळाली. दाखवणारी मुलगी विशीतली असेल, चाव्यांचा जुडगा मनगटाला अडकवलेला. एकेक दालन उघडायचं, सगळ्यांना आत घ्यायचं, पाठीमागचं दार कुलूपबंद करायचं आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणायचं. एकदा आत गेलात की शेवटच्या दारातूनच बाहेर. सुरुवातीला ती म्हणाली, लाकडी फरशीला नुकतंच मेण लावलंय, प्रत्येकानं बुटांवरून लोकरीच्या सपाता चढवायच्या. कोपऱ्यात सपातांचा ढीग होता. सगळे त्यात पाय खुपसायला लागले.

बाबा बाकावर बसले आणि बूट काढायला लागले.

"आजोबा, बुटांवरूनच घाला," मुलगी म्हणाली.

"कोणाच्या घरात मी बूट घालून शिरत नाही, बाळ. मग तो सरदार असला तरी."

लोक हसले. आमच्याकडं कोणाच्याही घरी गेलं की उंबऱ्याशी बूट निघतात, लहान पोरालासुद्धा सांगावं लागत नाही. मीही हसले. तेवढ्यात बाबांनी उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतला, आणि मला मोज्याच्या काठाची पांढरी पट्टी दिसली. सकाळी घाईत मी शिवलेल्या ढिगातलाच जोड काढला होता.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. जवळचं त्यांना चष्म्याशिवाय दिसतं. अंगठ्यानं पट्टी सरळ केली. ओठ हलले. मग दुसरा पाय वर घेऊन तोही बघितला.  आता काहीतरी म्हणतील, सगळ्यांसमोर म्हणतील, असं वाटलं.  त्यांनी दोन्ही सपाता घातल्या, बूट काखोटीला मारले आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

"लुब्या," मी कुजबुजले, "त्यांनी मोज्यावरचं वाचलं."

"काय वाचलं?"

"नंबर."

"मग काय झालं? मोज्याचं माप असेल, असं सांग."

"दोनशे चौदा मापाचा मोजा?"

मागं दार बंद झालं, कुलूप फिरलं. पाऊण तास आम्ही तिघं त्या दालनांतून फिरलो. सोन्याची बग्गी बघितली, अस्वलाची कातडी बघितली, कोणाकोणाच्या बायकांची चित्रं बघितली. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, पण रागावल्यासारखेही दिसत नव्हते. हिशेब जुळवताना माणूस दिसतो तसे दिसत होते. मुखवट्यांच्या दालनात भिंतभर माणसं रंगवली आहेत, खरीच असावीत अशी, काही तर खोट्या सज्ज्यांतून खाली वाकलेली. तिथं बाबांनी काठीनं एका दाराकडं दाखवलं.

"हे दार खरं की रंगवलेलं?"

"ते खरं आहे, आजोबा," मुलगी म्हणाली. "पण बंद असतं."

"मग रंगवलेलंच बरं होतं. माणूस आशा तरी धरत नाही."

परत सगळे हसले. त्या वेळी मी पुढं होऊन त्यांचा हात धरायला हवा होता आणि तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पंचवीस माणसं ऐकतायत म्हणून मी थांबले. नंतर बाकावर फक्त आम्ही तिघं होतो, तेव्हाही थांबलेच.

अस्वलांच्या खंदकाजवळ सावलीत बाक मिळाला. मी डबा उघडला. पावात घातलेलं तळलेलं मांस, आंबवलेल्या काकड्या, थर्मासात चहा. सहलीला आमच्याकडं दुसरं काही नेतच नाहीत. बाबांनी अर्धा पाव खाल्ला आणि उरलेला कागदात नीट बांधला.

"लुबोश, शनिवारी तुझी मासेमारी असते ना?"

"आज नाही गेलो."

"आणि तू सोमवारी लिंत्सला चाललीस."

"हो, बाबा."

"डिकीत तुझ्या आईची बॅग कशाला आहे?"

लुबोशनं माझ्याकडं बघितलं. मी थर्मासाचं झाकण लावायला लागले, ते आधीच लागलेलं होतं.

"माझी आहे ती," लुबोश म्हणाला. "म्हणजे माझं सामान आहे. दुरुस्तीचं."

"बरं," बाबा म्हणाले.

 त्यांनी कपड्यांवरचे पावाचे कण झटकले, टोपी नीट केली आणि संडासाला जाऊन येतो म्हणून खिशातली नाणी चाचपत उठले. लुबोश बरोबर जायला निघाला, तर म्हणाले, "अजून एवढं मला एकट्याला जमतं." तेव्हा साडेबारा झाले होते.

पाऊण वाजता मी संडासावरच्या बाईला विचारलं. टोपीवाले, काठीवाले आजोबा? ते केव्हाच गेले की, म्हणाली, मला राम राम करून गेले. आम्ही अंगणं पालथी घातली. पूल बघितला, चौक बघितला, चर्चमध्ये डोकावलो. लुबोशचा चेहरा पांढरा पडला होता.

"पोलिसांना फोन करूया?"

"आणि काय सांगू? फसवायला आणलेला बाप पळाला?"

"ताई, हे सगळं माझ्यावर नको ढकलूस. पट्ट्या तू शिवल्यास."

बरोबरच होतं त्याचं. चौकात त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात खांबावर मला खूण दिसली. पांढरा, हिरवा, पांढरा. क्लेतवर जाणारी वाट. डोंगर चढून पलीकडं उतरलं की आमचं गाव. मला वाटलं, अर्थातच! ते घरी निघालेत. चाळीस वर्षं ज्यानं ती वाट रंगवली तो माणूस बसची वाट बघत थांबणार आहे का? मला दुसरं काही सुचलंच नाही. लुबोशला म्हटलं तू गावात शोध, आणि मी खुणांमागं सुटले.

घरं संपली, रूळ ओलांडले, जंगल लागलं. चढ असा की छाती भरून यावी. मी हाका मारत होते. बाबा! बाबा! उतरणारे लोक थांबून बघायचे. काठीवाला म्हातारा दिसला का? नाही बुवा. प्रत्येक झाडावर खूण होती, एकीपासून दुसरी दिसेल अशी. दहा वर्षांची असताना मी एकदा त्यांच्याबरोबर रंगाचा डबा धरायला गेले होते. वळणावर मी म्हटलं, इथं कशाला खूण, वाट तर दिसतेच आहे. तर म्हणाले, "तुला दिसते. ज्याला ठाऊक नाही त्याला दिसते का?" एका फाट्यावर बुंध्याला टेकून मी दम खाल्ला. खाली कुठं ते पडले असतील, बर्फासारखे गार झाले असतील, असलं काहीबाही डोळ्यांपुढं यायला लागलं. लिंत्सहून निघताना मी हर्मीने आजींच्या पलंगापाशी बसते आणि सांगते, आजी, मी पंधरा दिवस जातेय, अमुक वारी येईन. त्यांना धड समजतही नाही. तरी सांगते. एकदाही चुकवलेलं नाही.

दोन वाजून गेले होते तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"तूमाबाई का? मी आश्रमातून बोलतेय. तुमचे वडील इथं पोचलेत."

 "कोणी आणलं त्यांना?"

"कोणी नाही, एकटेच आले. दीडलाच आले. चालत आल्यामुळं जरा दमलेत, पण ठीक आहेत. काउंटरवर टोपी काढून म्हणाले, मी तूमा, माझी खोली दोनशे चौदा. आमच्याकडं तुमची वेळ तीनची लिहिलेली, म्हणून मी विचारलं, मुलं कुठं आहेत? तर म्हणाले, मुलं किल्ला बघतायत, त्यांना त्रास देऊ नका. मी तरी फोन केला. त्यांची बॅग नाही आली ना अजून."

जंगलात मी खाली बसले. आश्रमाचा रस्ता त्यांना ठाऊक असणारच होता, वर्षभर महिन्याला तिथं जात होते; वेंडेलिनच्या कपड्यांवर असली पट्टीही त्यांनी बघितली असणार. आणि मी त्यांच्या मागं डोंगर चढत होते! मी त्यांना ओळखते अशी माझी समजूत होती.

चार वाजता आम्ही पोचलो. लुबोश बॅग घेऊन दाराबाहेरच थांबला, आत यायचा त्याला धीर होईना. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, टोपी मांडीवर, काठी भिंतीला. टेबलावर आश्रमाचा कागद होता आणि त्यावर त्यांची सही झालेली होती, सावकाश, सगळी अक्षरं सुटी सुटी काढून केलेली.

"बाबा, मी सांगणार होते."

"केव्हा?"

 खोटं सुचलं नाही असं नाही, पण बोलवेना.

"इथं. दारात आल्यावर," मी म्हणाले.

"हं. वेंडेलिनच्या पोरालाही दारात सांगायचं होतं. नंतर मला भेटला तेव्हा म्हणाला. त्याला जमलं नाही."

"तुम्ही रागावलात?"

"रागावलोय." त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच. "गॅस मीच विसरतो, व्लास्ता. पडदा जळला तेव्हा घरात मी होतो, तू नव्हतीस. रात्री झोप येत नाही मला त्या भीतीनं. मला हे कळत नाही असं वाटलं तुम्हाला? तू येऊन सांगितलं असतंस तर मी आठवडाभर भांडलो असतो. दारं आपटली असती. तुझ्या आईच्या फोटोपुढं तुला नाही नाही ते बोललो असतो. घरात एकेक वस्तू हातात घेऊन बघितली असती. आणि मग आलो असतो. तो आठवडा माझा होता. तो तुम्ही खाल्लात."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "चला बाबा, घरी जाऊ. आत्ता. मी लिंत्सला कळवते, सोमवारी जात नाही. आठवडाभर भांडा माझ्याशी. मारा मला."

"नाही," ते म्हणाले. "आता ते नाटक होईल. मला जमणार नाही."

मग त्यांनी दाराकडं बघून लुबोशला हाक मारली, बॅग आत ठेव म्हणाले. त्यानं ती ठेवली आणि मान खाली घालून उभा राहिला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मलाही जवळ घेतलं नाही.

"एक ऐका दोघं," ते म्हणाले. "मी इथं आलोय. तुम्ही मला आणलेलं नाही. गावात कोणी विचारलं तर असंच सांगायचं."

गावात सगळे विचारतात. तेव्हा मी सांगते, बाबा आपले आपण गेले, आपल्या पायांनी चालत. ऐकणाऱ्याला वाटतं मी स्वतःची बाजू सावरतेय. मी सांगते ते खरं आहे, अक्षरन् अक्षर खरं आहे, आणि ते सांगताना मला एकदाही मान वर करता येत नाही.